गाडीचा गिअर कुरकुरतो तेव्हा

(सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वेळी आपण टायर आणि ब्रेक याबद्दल बोललो. त्यानंतर केंद्रावर तुमचे जे फोन आले, त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होता. कुणी म्हणाली, "ताई, गाडी चढावर ओढतच नाही." कुणी म्हणाली, "दुसरा गिअर टाकताना कर्रकर्र वाजतं." आणि एकीनं विचारलं, "मेस्त्री म्हणतोय गिअरबॉक्सच गेला. खरं असेल का हो? की आपल्याला काही कळत नाही म्हणून सांगतोय?"

हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आज आपल्यापैकी कितीतरी जणी गाडी चालवून घर चालवतात. कुणाची शाळेची व्हॅन आहे, कुणी भाजी आणि दूध पोचवते, कुणी पापड-मसाल्याचा माल बाजारात नेते. गाडी चार दिवस उभी राहिली तर चार दिवसांची कमाई बुडते, आणि वर गॅरेजचं बिल. म्हणून आज आपण गाडीच्या त्या भागाबद्दल बोलणार आहोत, जो बिघडण्याआधी बरेच दिवस सांगत असतो की माझं दुखतंय. फक्त त्याची भाषा आपल्याला कळली पाहिजे. तो भाग म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स.

क्लच आणि गिअर करतात तरी काय?

पिठाची गिरणी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला जातं, आणि मधे पट्टा. मोटर फिरते, पट्टा ती ताकद जात्याला देतो. गाडीतही तसंच आहे. पुढं इंजिन, खाली चाकं, आणि त्या दोघांच्या मधे क्लच व गिअरबॉक्स.

क्लच म्हणजे काय? इंजिनाबरोबर फिरणारी एक जड चकती असते, तिला फ्लायव्हील म्हणतात. तिला घट्ट चिकटून बसणारी दुसरी एक चकती असते, ती क्लच प्लेट. आपण क्लचचं पेडल दाबलं की ह्या दोन चकत्या सुट्या होतात. इंजिन फिरत राहतं पण ताकद पुढं जात नाही. पेडल सोडलं की पुन्हा चिकटतात आणि गाडी चालू लागते. क्लच प्लेटवर ब्रेकच्या लायनरसारखा थर असतो. तो घासून घासून संपतो. चप्पल झिजते तसंच आहे ते. त्यात कुणाचा दोष नाही.

आणि गिअर? शिलाई मशीनचं मोठं चाक पायानं एकदा फिरवलं की वरचं छोटं चाक बऱ्याच वेळा गरागरा फिरतं. मोठ्यानं छोट्याला फिरवलं की वेग मिळतो. छोट्यानं मोठ्याला फिरवलं की वेग कमी होतो पण जोर वाढतो. गिअरबॉक्समध्ये अशाच लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या असतात. छोट्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये चाकाची एक फेरी व्हायला इंजिन साधारण तेरा-चौदा फेऱ्या मारतं. म्हणून पहिल्या गिअरमध्ये गाडी हळू जाते, पण भरलेल्या गाडीलाही चढावर उचलते. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाच्या तीन-चार फेऱ्यांतच चाक एकदा फिरतं. वेग येतो, जोर कमी होतो.

ही सगळी दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात. त्याला गिअर ऑइल म्हणतात. इंजिन ऑइल वेगळं आणि हे वेगळं. छोट्या गाडीत हे तेल साधारण दोन लिटर, थोडंफार कमी-जास्त असतं. तेवढ्या दोन लिटरवर सगळा खेळ आहे. ते कमी झालं की लोखंडावर लोखंड घासतं.

पहिली खूण: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही

गिरणीचा पट्टा ढिला झाला की काय होतं आठवा. मोटरचा आवाज येतो, जातं मात्र मंद होतं, आणि जळका वास सुटतो. क्लच संपत आला की गाडीत अगदी हेच होतं. गॅरेजच्या भाषेत म्हणतात, "क्लच स्लिप मारतोय."

सपाट रस्त्यावर हे सुरुवातीला कळत नाही. कळतं ते चढावर, तेही वरच्या गिअरमध्ये. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, आरपीएमचा काटा झपकन वर जातो, पण वेगाचा काटा जागच्या जागी. बरोबर कागद जळल्यासारखा किंवा ब्रेक तापल्यासारखा वास. पेट्रोल-डिझेलही जास्त जायला लागतं.

याची एक साधी परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. मोकळ्या सपाट जागेत गाडी उभी करा. पुढं-मागं माणूस, मूल, जनावर कुणी नाही ना, बघा. हँडब्रेक घट्ट ओढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा. इंजिन चालू, क्लच दाबा आणि तिसरा गिअर टाका. आता क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन गचका देऊन लगेच बंद पडेल. बंद पडणं हीच पास झाल्याची खूण! पण क्लच पूर्ण सोडला तरी इंजिन आरामात चालू राहिलं, तर प्लेट संपली समजा, आणि लगेच क्लच पुन्हा दाबून गाडी न्यूट्रलला आणा. ही परीक्षा एकदाच करायची, गंमत म्हणून पुन्हा पुन्हा नाही. तेवढ्यानंही प्लेट झिजते.

एका ताईचं उदाहरण सांगते. त्या शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. रस्त्यात धरणाचा चढ. तिथं गाडी रडायला लागली. एकानं सांगितलं पेट्रोलमध्ये भेसळ आहे, टाकी साफ करा. दुसरा म्हणाला इंजिनचं काम निघालं, खोलावं लागेल. तिसऱ्यानं थेट गिअरबॉक्स बदलायला सांगितला. तिघांचे तीन खर्च. मग त्यांनी ही हँडब्रेकची परीक्षा करून पाहिली. इंजिन बंद पडलंच नाही. काम निघालं ते क्लच प्लेटचं. इंजिन शाबूत, गिअरबॉक्स शाबूत. टाकी साफ करायचे पैसेही वाचले.

दुसरी खूण: गिअर पडत नाही, किंवा कर्रकर्र वाजतो

गिअर जड झाला की माणसं दांडा जोरानं ढकलतात. तसं करू नका. आधी एक गोष्ट बघा, आणि हसू नका: क्लचच्या पेडलखाली पायपुसणं, म्हणजे गाडीतलं मॅट, सरकून अडकलं आहे का? पाण्याची बाटली गडगडत आली आहे का? पेडल पूर्ण खाली जात नसेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि गिअर पडत नाही. हा बिघाड फुकटात दुरुस्त होतो.

ते ठीक असेल तर दुसरी परीक्षा. इंजिन बंद करा. उभ्या गाडीत सगळे गिअर टाकून बघा.

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, असं असेल तर गिअरबॉक्सला बोल लावू नका. दोष क्लच नीट सुटत नसल्याचा आहे. क्लचची वायर ढिली झाली असेल, तुटायला आली असेल, किंवा तुमच्या गाडीला तेलावर चालणारा क्लच असेल तर ते तेल गळत असेल. हे तेल बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्याच डबीतून येतं. म्हणून त्या डबीची पातळी खाली गेलेली दिसली तर काम उद्यावर टाकू नका. तिथं ब्रेकचाही प्रश्न आहे.

इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल, तर दोष गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या वायरी-जोडण्यांत, नाहीतर खुद्द गिअरबॉक्सच्या आत. त्यातही बाहेरच्या जोडण्या आधी तपासायला सांगा. तिथलं एखादं प्लास्टिकचं बुश झिजलं तरी दांडा लुळा पडतो. पेटी न उघडता हे काम होतं.

आता कर्रकर्र. फक्त एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, वाजत असेल आणि बाकीचे लोण्यासारखे पडत असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. दोन चाकांचा वेग जुळवून देणारी ही पितळेसारख्या धातूची कडी असते. ती गिअरबॉक्सच्या आत असते, म्हणजे पेटी उतरवावी लागणार. पण सगळ्याच गिअरला, आणि विशेषतः रिव्हर्सला जोरात वाजत असेल, तर संशय पुन्हा क्लचवर घ्या.

रिव्हर्सबद्दल एक सांगते. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ही सिंक्रो रिंग नसतेच. म्हणून गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही अडला तर एकदा पहिला टाकून मग रिव्हर्स टाका. एवढ्यानं आवाज थांबला तर काहीही बिघडलेलं नाही.

तिसरी खूण: गिअर आपोआप सुटतो

ही खूण मी सगळ्यांत धोक्याची मानते. तुम्ही तिसऱ्यात चालला आहात, खड्ड्यातून गेलात किंवा ॲक्सिलरेटर सोडला, आणि दांडा आपोआप उडून न्यूट्रलला आला. एकदा झालं तर माणूस म्हणतो नीट बसला नसेल. दुसऱ्यांदा झालं तर गाडी दाखवायलाच हवी. आतले दाते झिजलेले असतात, नाहीतर दांड्याची जोडणी किंवा इंजिनाचं रबरी माउंटिंग गेलेलं असतं.

धोका का म्हणते? खंबाटकी, कुंभार्ली, कसारा, आंबोली हे उतार डोळ्यांपुढं आणा. उतारावर गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन चाकांना धरून ठेवतं, ब्रेकवरचा भार कमी होतो. गिअर सुटला की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि फार तापले की धरेनासे होतात.

उतारावर तुमच्या गाडीचा गिअर सुटलाच, तर घाबरून चावी बंद करू नका. चावी बंद केली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. ब्रेक दाबून वेग कमी करा, क्लच दाबून खालचा गिअर टाका, दांडा हातानं धरून ठेवा, चारही इंडिकेटर लावा आणि कडेला थांबा. तशी गाडी घेऊन घाट उतरायचा नाही. शाळेची मुलं गाडीत असतील तर मुळीच नाही. दुसरी गाडी बोलवा. पालकांची बोलणी ऐकावी लागली तरी चालतील.

आणि यावरूनच सांगते, पेट्रोल वाचवायला उतारावर मुद्दाम न्यूट्रल करणारे पुष्कळ आहेत. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाला जाणारं इंधन यंत्रणा स्वतःच बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर जिवाशी खेळ.

चौथी खूण: आवाज, आणि तो कधी येतो

मेस्त्रीला नुसतं "आवाज येतो" म्हणून सांगितलं की तो अंदाज बांधत बसतो. "कधी येतो" हे सांगितलं की अर्धं निदान तिथंच होतं. म्हणून कान देऊन ऐका.

गाडी उभी, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला, आणि घर्रर्र आवाज. क्लच दाबला की आवाज बंद. हा गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा आवाज.

याच्या उलट, क्लच दाबला की आवाज सुरू, सोडला की बंद. हा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा आवाज. त्याचा गिअरबॉक्सच्या आतल्या कामाशी संबंध नाही.

चालत्या गाडीत फक्त एकाच गिअरमध्ये आवाज, तर त्या गिअरच्या दात्यांचा. सगळ्या गिअरमध्ये, वेगाबरोबर वाढणारी घरघर, तर आतली बेअरिंगं किंवा चाकाचं बेअरिंग. वळणावर आवाज कमी-जास्त होत असेल तर बहुधा चाकाचं.

आणि गिअरबॉक्सच्या नावावर खपणारे दोन आवाज नीट लक्षात ठेवा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट-कट असा आवाज आला तर तो एक्सलच्या जॉइंटचा. त्यावरचं रबरी कव्हर फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना धप्प असा दणका बसला तर पुष्कळदा इंजिनाचं माउंटिंग गेलेलं असतं. यासाठी गिअरबॉक्स उघडायची गरज नाही.

पाचवी खूण: गाडीखालचा डाग

सकाळी अंगणात रांगोळी काढायला जाता, तेव्हा गाडी उभी असते त्या जागेवरही नजर टाका. शंका असेल तर रात्री गाडीखाली जुनं पांढरं पुठ्ठं किंवा वर्तमानपत्र पसरून ठेवा.

स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. काळपट, पातळसर तेल असेल तर इंजिनाचं. मधासारखं घट्टसर, हात लावला तर बुळबुळीत, आणि कुजक्या अंड्यासारखा उग्र वास येणारं असेल तर ते गिअर ऑइल. ऑटोमॅटिक गाडीचं तेल पुष्कळदा लालसर असतं.

गिअर ऑइल गळतं ते बहुधा ऑइल सीलमधून. सील म्हणजे रबराची एक कडी, किंमत मामुली. पण ती बदलली नाही, तर तेल थेंब थेंब कमी होत जातं. इंजिन ऑइलसारखा लाल दिवा गिअर ऑइलला साध्या गाड्यांत नसतो. गाडी काही सांगत नाही, आणि एक दिवस बेअरिंगं जळून आवाज येतो. तोवर स्वस्तातल्या सीलचं काम संपूर्ण गिअरबॉक्सचं झालेलं असतं. म्हणून हा डाग दिसला की त्याच आठवड्यात गाडी दाखवा.

पुराचं पाणी

हे वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या. लोकांनी इंजिनाचं तेल बदललं, सीटा वाळवल्या. गिअरबॉक्सलाही हवा ये-जा करण्यासाठी एक बारीक नळी किंवा छिद्र असतं, तिथून पाणी आत जाऊ शकतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पाणी शिरलं की तेल दुधाळ होतं, चहात दूध घातल्यासारखं. अशा तेलात बेअरिंगं गंजतात, आणि आवाज महिन्या-दोन महिन्यांनी येतो. तुमची गाडी अर्ध्या चाकापेक्षा जास्त पाण्यात उभी राहिली असेल, तर ती चालू न करता गॅरेजला न्या आणि गिअर ऑइलही काढून दाखवायला सांगा. जुनी गाडी विकत घेतानाही हा प्रश्न विचारा.

तेल काढताना खालचा बोल्टही बघा. पुष्कळ गाड्यांत त्याला लोहचुंबक असतं. त्यावर करडा, मऊ लेप असेल तर ती रोजची झीज. टोचणारे तुकडे किंवा दाताचा कण दिसला तर आत काहीतरी तुटलं आहे.

बिनक्लचच्या गाड्या

आता दोन पेडलच्या गाड्याही गावोगाव दिसतात. त्यात एक जात आहे एएमटी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोत ती आपल्याकडे पहिल्यांदा आली, आणि मग स्वस्त गाड्यांत पसरली. या गाडीत क्लच नसतो असं लोक समजतात. क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम आपल्या पायाऐवजी यंत्र करतं. म्हणजे क्लच प्लेट इथंही झिजते.

चढावर गर्दीत गाडी थांबली की काहीजणी ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरतात. यानं प्लेट जळते. ब्रेक लावा, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढा. गिअर बदलताना आधीपेक्षा जास्त गचके बसू लागले, पडद्यावर गिअरचा आकडा लुकलुकू लागला, किंवा गाडी आपोआप एन दाखवू लागली, तर दाखवून घ्या. पण आधी बॅटरी तपासायला सांगा. बॅटरी अशक्त झाली तरी ही यंत्रणा चुकते.

दुसऱ्या जातीच्या, म्हणजे पूर्ण ऑटोमॅटिक गाड्यांत खुणा अशा: डी किंवा आर टाकल्यावर गाडी पकड घ्यायला वेळ लावते, गिअर बदलताना इंजिन मधेच ओरडतं, गाडी थरथरते, तेल काळं पडून जळका वास येतो. अशी गाडी बंद पडली तर दोरीनं ओढून नेऊ नका. इंजिन बंद असताना आतलं तेल फिरत नाही, आणि चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरून जळतात. ट्रकवर चढवून न्या, किंवा इंजिनाची ताकद ज्या चाकांवर येते ती चाकं उचलून न्या.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

मैत्रिणींनो, गॅरेजवाला प्रत्येक वेळी फसवतोच असं नाही. उन्हातान्हात, गाडीखाली झोपून काम करणारे प्रामाणिक मेस्त्री मी खूप पाहिले आहेत. पण प्रामाणिक माणसालाही नीट विचारलेला प्रश्न आवडतो.

पहिलं, गाडी चालवून दाखवा. मेस्त्रीला शेजारी बसवा आणि तो आवाज, तो गचका त्याच्यासमोर होऊ द्या. दुसरं, "गिअरबॉक्स गेला" म्हटलं की विचारा, "दादा, आतलं नेमकं काय गेलं? बेअरिंग, सिंक्रो, की सील? क्लच, वायर आणि माउंटिंग आधी बघितलं का?" तिसरं, खर्चाचा अंदाज कागदावर लिहून घ्या, सामान वेगळं आणि मजुरी वेगळी. चौथं, काढलेले जुने भाग परत मागा. झिजलेली प्लेट हातात घेऊन बघा. पाचवं, पक्कं बिल घ्या.

एक व्यवहाराची गोष्ट. क्लच बदलायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, आणि खरी मजुरी तिथंच जाते. मग पेटी उतरलेलीच आहे तर प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाच्या त्या बाजूचं सील हेही बघून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी त्या एका बेअरिंगसाठी पुन्हा तीच मजुरी.

बिल घेऊनही काम वाईट झालं आणि गॅरेजवाला दाद देत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण हातात कागद हवा. म्हणून पक्क्या बिलाचा आग्रह.

रोजच्या सवयी

क्लच प्लेट किती टिकेल? एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या. एकीची तीस-चाळीस हजार किलोमीटरमध्ये संपते, दुसरीची लाखाच्या पुढं जाते. फरक पायाचा असतो.

गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका, बाजूला ठेवा. सिग्नलला किंवा फाटकाला क्लच दाबून उभं राहू नका. न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलू नका. हँडब्रेकनं धरा आणि मग सोडा. हात सतत गिअरच्या दांड्यावर ठेवू नका. तो भार आतल्या भागांवर येतो. गाडीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसं आणि माल भरू नका. गिअर ऑइल कधी बदलायचं आणि कोणत्या नंबरचं घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून ते पान वाचून घ्या, आणि तो नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मेस्त्रीकडे डब्यात उरलेलं तेल घालू देऊ नका.

आणि एक छोटी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय जाणवलं, एवढंच लिहायचं. "सोमवार, शाळेचा चढ, तिसऱ्यात इंजिन ओरडलं, वास आला." बस. अशा तीन ओळी घेऊन तुम्ही गॅरेजच्या दारात उभ्या राहिलात, की "बाईंना काय कळतंय" असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

या आठवड्यात एवढंच करा: एकदा गाडीखाली पुठ्ठं टाका, एकदा इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, आणि एकदा काचा वर करून, गाणी बंद करून, शांतपणे गाडी ऐका. काही वेगळं जाणवलं तर केंद्रावर फोन करा. पुढच्या वेळी आपण बॅटरीबद्दल बोलू.

सावकाश चालवा. नमस्कार.